सात चोक अठ्ठावीस

विठ्ठलवाडी डेपोच्या मागच्या चाळीत आण्णांना हिशेब शिकवायला जायची कोणाची छाती नव्हती. अंबरनाथच्या कारखान्यात टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि डाया बनवायच्या विभागात, तीस वर्षं फिटर होते ते. लोखंडाच्या तुकड्याकडे नुसतं बघून ‘हा अर्धा सूत जाड आहे’ म्हणायचे आणि मोजल्यावर तो अर्धा सूतच जाड निघायचा. चाळीत कोणाचं दार लागत नसलं, कोणाची खाट डुगडुगत असली, की आधी आण्णांना बोलवायचं आणि मग सुताराला.

पण बाजारहाट? छे! सात तारखेला पगाराचं पाकीट बायकोच्या हातात ठेवलं की आपलं काम संपलं, अशी त्यांची पक्की समजूत. कोथिंबिरीची जुडी केवढ्याला मिळते हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसल्याचा वर थोडा अभिमानही होता. काही पुरुषांना असतो असा अभिमान. कशाचा असतो, ते त्यांनाच विचारा.

कारखाना बंद पडला, आण्णा घरी बसले. मिळालेल्या पैशांतले निम्मे मुलीच्या, तेजलच्या नर्सिंगच्या शिक्षणात आणि लग्नात गेले, उरलेले बँकेत ठेवले. व्याजाची तारीखही आण्णांनी सातच ठेवून घेतली. सवय! तेजल बदलापूरला कात्रपला राहायची, नवरा सुजित कंपनीत पाळीने कामाला, आणि तिला कल्याणच्या एका दवाखान्यात नुकतीच कायम नोकरी लागलेली. त्यात दोन हजार सहा सालच्या सुरुवातीला बाळाला चार महिने झाले आणि तिची बाळंतपणाची रजा संपली.

आता बाळाला बघणार कोण? सुजितची आई गावी अंथरुणाला खिळलेली. पाळणाघरवाली म्हणाली, वर्षाचं झाल्याशिवाय मी घेत नाही. तेजलला रात्रपाळ्याही असायच्या. म्हणजे आण्णांच्या बायकोने, अंजनीबाईंनी, कात्रपला जाऊन मुक्कामच ठोकायला हवा होता. रोज जाऊन-येऊन करायचं तर स्टेशनचे जिने चढताना त्यांचे गुडघे बोंब मारायचे.

“आण्णांनाही इकडेच आणा ना,” सुजित म्हणाला. चांगला मुलगा आहे तो.

“जावयाच्या घरी मुक्काम करून जेवायचं? मी?” आण्णा ताडकन म्हणाले आणि बायकोकडे वळले. “आमच्यात चालत नाही. तू जा, अगं. माझं मी बघतो.”

“काय बघता?” अंजनीबाईंनी कमरेवर हात ठेवले. “दोन वडापाव खाल्ले की रात्रभर पित्ताने कळवळता तुम्ही. डॉक्टर काय म्हणालेत? बाहेरचं खाणं बंद. घरात करून खायला सामान आणावं लागतं. आणता येतं?”

“अगं, मी हजारो रुपयांच्या डाया बनवल्यात. तुझी तूरडाळ काय चीज आहे!”

अंजनीबाईंनी कमरेवरचे हात काढले. मग त्यांनी अट घातली. एक महिना बघायचा. घरखर्चाला सोळाशे रुपये. गॅस आणि लाइटबिल त्या आधीच भरून ठेवणार. महिना संपता संपता त्या येणार, डबे उघडून बघणार. आण्णा नीट जेवत असतील तर ठीक. उपाशीतापाशी राहत असतील, बाहेरचं खात असतील किंवा उधारी करून बसले असतील, तर त्या घरी परत येणार, आणि तेजलने नोकरी सोडायची.

पोरगी बाळाला थोपटत होती. थोपटता थोपटता बापाकडे बघत राहिली. त्या नोकरीसाठी ती कशी धावली होती, हे आण्णांइतकं कोणाला माहीत होतं? तिच्या मुलाखतीच्या दिवशी दवाखान्याच्या बाहेर तीन तास हेच उभे होते.

“सोडायची नाही,” आण्णा म्हणाले. “बघशील तू.”

सात मार्चला आण्णांनी सोळाशे रुपये बँकेतून आणले आणि टेबलावर मांडले. सोळाशे भागिले चार, आठवड्याला चारशे. चार पाकिटं केली, एकेकात चारशे घातले आणि देवाच्या फोटोमागे ओळीने उभी केली. एवढ्याशा गोष्टीचा बायका केवढा बाऊ करतात, असं त्यांच्या मनात आलं. खोटं कशाला बोलू, शीळसुद्धा घातली त्यांनी.

पहिल्याच दिवशी पिशवी घेऊन उल्हासनगरच्या बाजारात गेले. टोमॅटो आठ रुपये किलो. पण पाच किलो घेतले तर सहाने. आण्णांच्या डोक्यात चक्रं फिरली: किलोमागे दोन वाचले, पाच किलोला दहा वाचले! घेतले पाच किलो. तसाच कोबी घेतला, तीन गड्डे. केळी दोन डझन, कारण डझनावर भाव उतरत होता. सिंधी किराणावाल्या खूबचंदकडून दोन किलो तूरडाळ, पोतं फुटलं होतं म्हणून स्वस्त. घरी आले ते बाजार लुटून आणल्यासारखे.

मग काय व्हायचं ते झालं. एकटा माणूस खाऊन खाऊन किती खाणार? सकाळी टोमॅटोचं सार, संध्याकाळी टोमॅटोची भाजी, मध्ये केळं. पित्त असं उसळलं की आण्णा रात्री उठून थंड दूध प्यायचे, आणि त्या दुधाचा खर्च पुन्हा वेगळा. चौथ्या दिवशी पाकीट रिकामं आणि सहाव्या दिवशी तीन किलो टोमॅटो कचऱ्यात. खाल्ले दोन किलो. ते आठच्या भावाने सोळाला मिळाले असते. दिले होते तीस.

“आण्णा, टोमॅटोचा धंदा काढलात की काय?” शेजारच्या बनूबाईंनी कचऱ्याच्या डब्याकडे बघून विचारलं.

“खत करतोय,” आण्णा गुरगुरले आणि दार लावून घेतलं.

दार लावून मात्र ते खरोखर विचाराला बसले. हे त्यांचं चांगलं आहे. दुसऱ्यापुढे चूक कबूल करायला जीव जायचा, पण स्वतःपुढे करायचे. कारखान्यात पहिला पीस बिघडला की मशीनला शिव्या देत बसायचं नाही, आपण काय चुकीचं धरलं ते शोधायचं. भाव बरोबर होता, गुणाकार बरोबर होता, मग बिघडलं कुठे? ‘स्वस्त किती’ हे विचारलं, ‘किती दिवस’ हे विचारलंच नाही.

दुसऱ्या आठवड्यात ते बाजाराआधी डबे उघडून बघायला लागले. डाळ रोज एक वाटी, म्हणजे आहे ती महिनाभर पुरून उरेल, डाळ नको. कांदे दिवसाला दोन, आठवड्याला चौदा. खूबचंदच्या तराजूपुढे उभं राहून आण्णा कांदे मोजून घ्यायला लागले तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. “साईं, कांदा किलोने मिळते, नगावर नाही!”

“मग तू किलोने तोल, मी नगाने मोजतो. तुझं काय जातंय?”

तिसऱ्या आठवड्यात त्यांना आणखी एक युक्ती सुचली. दुकानात बिल ऐकून दचकायचं नसेल तर रस्त्यातच बेरीज करायची, आणि प्रत्येक आकडा वर ढकलायचा. साखर एकोणीस, म्हणजे वीस. अर्धा लिटर तेल अठ्ठावीस, म्हणजे तीस. रवा पाऊण किलो साडेतेरा, धरा पंधरा. झाले पासष्ट. खूबचंद पेन्सिलने बेरीज करून म्हणायचा, “साठ रुपया द्या, पचास पैसे छोड दिया,” आणि आण्णांच्या चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद! त्या पाच रुपयांची लिंबं नाहीतर आलं यायचं. बाजारात पिशवी हलवत चालणारा हा माणूस महिन्यापूर्वी भाजीवालीशी बोलायला लाजत होता, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटलं नसतं.

फोनवर तर काय विचारता! “तेजू, आईला सांग, घर मस्त चाललंय. कांदे मोजके, तेल मोजकं, एक पैसा इकडचा तिकडे नाही.”

“आण्णा, मी मेट्रनना नोकरी सोडायचं-ठेवायचं अजून काही बोलले नाहीये,” तेजल हळूच म्हणाली. “आई पाच तारखेला येईल. त्या दिवशी माझी सुट्टी आहे. तिने बघितलं की मग मी सांगेन त्यांना काय ते.”

“सांग की पुढच्या महिन्याच्या रात्रपाळ्या लाव म्हणून!”

चौथ्या पाकिटातून तर पंचावन्न रुपये उरले. आण्णा इतके खूश झाले की उल्हासनगरला जाऊन नातवासाठी झबलं आणि टोपरं घेऊन आले. स्वतःच्या बचतीचं झबलं! कॉटवर पसरून त्यांनी ते तीनदा बघितलं.

चार एप्रिलला सकाळी नेहमीसारखे उठले, पिशवी घेतली, देवाच्या फोटोमागे हात घातला. हाताला भिंत लागली.

फोटो काढून बघितला, खाली वाकून बघितलं. पाकिटं चारच होती आणि चारही संपली होती. कोणी चोरली की काय, असंही क्षणभर मनात आलं. मग त्यांची नजर कॅलेंडरवर गेली. सात मार्चपासून बोटाने मोजत आले. एक आठवडा, दोन, तीन, चार. तीन एप्रिल. आणि पैसे यायचे सात तारखेला. चार, पाच, सहा, हे तीन दिवस कोणाच्याच पाकिटात नव्हते.

सात चोक अठ्ठावीस! मार्चला दिवस एकतीस! हे दुसरीतलं पोर सांगेल. आणि हा टूलरूमचा फिटर ‘चार आठवडे म्हणजे महिना’ धरून चालला होता, सगळं जग बोलतं तसं. आण्णा मटकन कॉटवर बसले. झबलं शेजारीच होतं. त्याच्याकडे बघवेना.

खिसे झाडून बावीस रुपये निघाले. डब्यांत मूठ-दीड मूठ तांदूळ, वाटीभर बेसन, तळाला तेल, दोन कांदे. डाळ? ती मोठ्या ऐटीत अंदाजाने वाढत गेली होती आणि परवाच संपली होती. उद्या अंजनीबाई येणार, डबे उघडणार, आणि बिचारी तेजल मेट्रनसमोर राजीनामा ठेवणार. पोरीच्या नोकरीवर आपण आपल्या हाताने पाणी सोडलं, या विचाराने त्यांना अक्षरशः रडू येईलसं झालं.

ते खूबचंदकडे गेले. काही घ्यायचं ठरवलं नव्हतं, नुसते जाऊन उभे राहिले. त्याने चेहऱ्यावरून ओळखलं.

“ले जाओ ना, साईं. डाळ, तांदूळ, तेल, काय पाहिजे ते. सात को देना. भाभीजीने इतने साल में एक दफा पण उधार नाही घेतला, तुम्ही एक दफा घेतला तर काय होते?”

काय होते? काहीच होणार नव्हतं. डबे भरले असते, अंजनीबाईंनी झाकणं उघडून ‘बरं’ म्हटलं असतं आणि खूबचंद कधी बोलला नसता. आण्णांचा हात पिशवीकडे गेलासुद्धा. पण डोकं मध्येच हिशेब मांडून मोकळं झालं: आज दीडशेचं नेलं तर पुढच्या महिन्याला साडेचौदाशे. मग पुढच्या महिन्यात तीन दिवसांचं भोक पाच-सहा दिवसांचं होणार. ते बुजवायला पुन्हा उधारी. आणि शिवाय ज्या बाईने अट घातली तिलाच फसवायचं.

“नको,” ते म्हणाले. “हिरवी मिरची दे दोन रुपयांची.”

दुधाच्या दोन पिशव्या आणि मिरच्या घेऊन ते घरी परतले. खिशात दोन रुपये राहिले. वाटेत खूबचंदचं एक वाक्य त्यांच्या डोक्यात टोचत होतं. इतकी वर्षं एकदाही उधार नाही. पगार तर तेव्हाही सातलाच व्हायचा. तेव्हाही महिना एकतीसचा असायचा. मग अंजनी करायची काय?

घरी येऊन कढई ठेवली. बेसन आहे, कांदा आहे, मिरची आहे. दुसरं काय होणार? पिठलं. फोडणीत पाणी ओतलं, बेसन वैरलं, ढवळायला लागले. वाफ तोंडावर आली आणि आण्णांचा हात थांबला.

पिठलं! त्यांचं सगळ्यात आवडतं. जुन्नरकडच्या माणसाला आणखी काय लागतं? दर महिन्याला घरात पिठलं व्हायचं, ओळीने दोन-तीन दिवस व्हायचं, आणि ते डब्यातून कारखान्यात न्यायचे तेव्हा मित्रांना सांगायचे, ‘आमची बायको बघा, माझी आवड कशी सांभाळते.’ कधी व्हायचं ते? चारला, पाचला, सहाला. सात तारखेला पाकीट हातात पडलं की दुसऱ्या दिवशी डाळ, भाजी, सगळं परत सुरू. तीस वर्षं त्यांनी ताटावर बसून ‘वा, पिठलं!’ म्हटलं होतं आणि ती शेवटचे तीन दिवस रेटत होती. एकदा तरी विचारलं का, की बाई, आजच का? पिठल्याच्या गुठळ्या झाल्या. आण्णांना त्या दिसल्याच नाहीत, डोळे भरून आले होते.

पाच तारखेला दुपारी अंजनीबाई आल्या. पाणी प्यायल्या, गुडघे चोळले आणि सरळ फळीकडे वळल्या. एक डबा उघडला, दुसरा उघडला, तिसरा उघडला. सगळ्यांचे तळ चकचकीत.

“अहो,” त्या वळून म्हणाल्या, “हे काय?”

“चुकलो,” आण्णा म्हणाले. “चार आठवड्यांचा महिना धरला. सात चोक अठ्ठावीस. तीन दिवस कमी पडले.”

“उधारी?”

“नाही. खूबचंद देत होता. नाही घेतली.”

“बाहेर खाल्लंत?”

“नाही. काल पिठलं, आजही तेच केलंय. बस, वाढतो.”

अंजनीबाई बसल्या. तीस वर्षांत त्यांना घरात कोणी वाढलं नव्हतं, त्यामुळे हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना. भात थोडा करपला होता. पिठल्यात बोराएवढ्या गुठळ्या होत्या. त्यांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला.

“तू पण हेच करायचीस ना?” आण्णांनी विचारलं. “चारला, पाचला, सहाला.”

त्यांचा घास थांबला. “कोणी सांगितलं?”

“कढईने.”

“पहिल्या वर्षी मी खूप रडले होते,” अंजनीबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. “घरात बेसनाशिवाय काही नाही, आता हे ओरडणार. तर तुम्ही म्हणालात, वा, पिठलं! मी म्हटलं, सुटले. मग दर महिन्याला तेच.”

“आणि तुला?”

“मला काय?”

“तुला आवडतं का?”

“इश्श! मला पिठल्याचा वास आला तरी डोकं उठतं,” असं म्हणून त्या इतक्या मोठ्याने हसल्या की बनूबाई दारात डोकावून गेल्या. हसता हसताच त्यांनी पदर डोळ्यांना लावला. आण्णांनाही हसू आलं.

ताट संपवून, गुठळ्यांसकट संपवून, त्या बनूबाईंच्या घरी फोन करायला गेल्या. भिंतीपलीकडून आण्णांना सगळं ऐकू येत होतं. “तेजू? मेट्रनबाईंना सांगून टाक, नोकरी सोडत नाही म्हणून. रात्रपाळीसुद्धा घे. ... अगं, डबे रिकामेच आहेत. पण तुझ्या बापाने उधारी केली नाही आणि खोटं बोलला नाही. तो राहील नीट. ... रडतेस काय, वेडे? बाळ उठेल.”

संध्याकाळी त्या निघाल्या तेव्हा आण्णांनी झबलं आणि टोपरं त्यांच्या पिशवीत घातलं. चपला घालायला त्या वाकल्या, तेव्हा हे मागून म्हणाले, “मग तुला आवडतं काय?”

अंजनीबाई वाकलेल्या तशाच राहिल्या. आठवावं लागलं त्यांना.

“पापलेट,” त्या शेवटी म्हणाल्या. “हिरवं वाटण भरलेलं. आई करायची रोह्याला. पण तुम्हाला वास चालत नाही म्हणून...” आणि पुढचं न बोलता जिना उतरून गेल्या.

सात तारखेला आण्णांनी सोळाशे रुपये पुन्हा मांडले. या वेळी आधी कॅलेंडर खाली उतरवलं. सात एप्रिल ते सहा मे, दिवस तीस. त्रेपन्न रुपये रोजचे, वर दहा उरतात. मग त्या त्रेपन्नातले रोज दोन रुपये काढून चहाच्या रिकाम्या डब्यात टाकायचे, एक्कावन्नात दिवस काढायचा. दोन त्रिक सहा, साठ रुपये. वरचे दहा, सत्तर. बाजारात जाऊन भाव विचारून आले. एक मध्यम पापलेट येत होतं. दोन येत नव्हती.

पाच मेला अंजनीबाई आल्या तेव्हा घराच्या खिडक्या सताड उघड्या होत्या आणि आण्णा नाकाला रुमाल बांधून तव्यापाशी उभे होते. बनूबाई दारातून सूचना देत होत्या आणि ते त्यांच्यावर खेकसत होते. डब्यांत डाळ होती, तांदूळ होता, सहा तारखेपर्यंतचा. पापलेट ताटात पडलं. एका बाजूने जरा मोडलं होतं.

अंजनीबाईंनी सवयीने त्याचे दोन भाग करायला हात घातला. “अर्धं तुम्हाला काढते. चव तरी बघा.”

“नको,” आण्णा रुमालातून म्हणाले. “हिशेबात एकच माणूस धरलंय.”

त्यांनी नवऱ्याकडे एकदा बघितलं. मग ताट जवळ ओढलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत अख्खं पापलेट एकटीने खाल्लं, काटेसुद्धा चोखून. संध्याकाळी तेजलची रात्रपाळी होती, म्हणून हात धुऊन त्या लगेच कात्रपला निघाल्या.